आंबेमोहराचा वास किती? सुगंधी तांदळातल्या बाष्पनशील रेणूंच्या मापनाचा आढावा

सुगंधी तांदळाच्या वासाला आकडा द्यायचा तर तो कसा काढायचा, या प्रश्नावर गेली चाळीसेक वर्षे काम चालू आहे. एवढ्या काळात उपकरणे कुठल्या कुठे गेली. दाण्यातला वास काढून घेणे, त्यातले रेणू एकमेकांपासून वेगळे करणे आणि प्रत्येकाची ओळख पटवणे आज कोणत्याही बऱ्यापैकी सुसज्ज प्रयोगशाळेला जमते. तरीही एकाच जातीच्या तांदळाचे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले की ते सहसा जुळत नाहीत आणि कोणाचा बरोबर हे सांगणे अवघड जाते.

मुळशीच्या आंबेमोहराला आणि आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हा प्रश्न आपल्याकडे फक्त अभ्यासकांचा राहिलेला नाही. आंबेमोहर म्हणून दुसराच आखूड दाण्याचा तांदूळ विकला जातो, ही तक्रार जुनी आहे. तिचा निवाडा वासाच्या आकड्यावर करता येईल का, असे शेतकरी आणि व्यापारी दोघेही विचारतात. उत्तर द्यायचे तर आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहायला हवे.

नाकाची परीक्षा

भात पैदासकार पूर्वी दाणे चावून वास ठरवत. एका दिवशी शंभर ओळींचे दाणे चावले की विसाव्या-पंचविसाव्या ओळीनंतर जिभेचा आणि नाकाचा भरवसा राहत नाही. १९७८ साली सूद आणि सिद्दिक यांनी सोपी चाचणी सुचवली: रोपाची पाने चिरायची, १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात दहा मिनिटे झाकून ठेवायची आणि मग हुंगायची. दाणा पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून ही चाचणी देशभर चालली आणि पैदास केंद्रांवर अजूनही वापरात आहे. मात्र तिचे उत्तर ‘आहे’, ‘थोडा आहे’, ‘नाही’ एवढ्यावर थांबते.

१९८२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले रॉन बटरी आणि त्यांचे सहकारी यांनी शिजवलेल्या भाताच्या वासातला मुख्य रेणू ओळखला: २-ॲसिटिल-१-पायरोलिन. प्रयोगशाळेच्या बोलण्यात त्याला ‘टू-एपी’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. पाण्यात हा रेणू लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याच्या साधारण विसाव्या भागाइतका, मिसळला तरी पुरे. बटरींच्या गटाने पुढच्याच वर्षी दहा जाती तपासल्या. त्यात किलोमागे सुमारे ६ मायक्रोग्रॅमपासून ९० मायक्रोग्रॅमपर्यंत टू-एपी सापडले. ज्या पानाला आपल्याकडे अन्नपूर्णा किंवा आंबेमोहर पात म्हणतात आणि साध्या तांदळात घालून भात वासाचा करतात, त्या पानात ते सुगंधी तांदळाच्या दहापट निघाले. परसातली ही पात आणि तांदूळ यांचा वास एकाच रेणूचा आहे, हे तेव्हा कागदावर आले. हाच रेणू भारतीय शास्त्रज्ञांना नंतर वाघाच्या खुणेच्या द्रवातही सापडला.

त्या काळच्या पद्धतीत तांदूळ पाण्यात तासन्‌तास उकळायचा, वाफ आणि द्रावकाची वाफ एकाच उपकरणात फिरवायची आणि वास द्रावकात उतरवायचा. लायकन्स आणि निकर्सन यांनी १९६४ मध्ये हॉप्सच्या तेलासाठी बनवलेले ते काचेचे उपकरण पुढे वासाच्या प्रयोगशाळांमध्ये नेहमीचे झाले. त्यात वास भरपूर मिळे, पण नमुना मोठा लागे, दिवस जाई आणि द्रावक उडवून अर्क आटवताना हलके रेणू हातचे जात. शिवाय इतका वेळ उकळल्यावर यंत्राला दिसणारा वास तांदळात मुळात होता की उकळण्यातून तयार झाला, ही शंका उरतच असे.

केसाएवढी काडी

१९९० साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या आर्थर आणि पावलिझिन यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचे पूर्ण नाव घन-अवस्था सूक्ष्मनिष्कर्षण, प्रयोगशाळेत सगळे ‘एसपीएमई’ म्हणतात. सिरिंजच्या सुईत एक सेंटिमीटर लांबीचा, केसाएवढा सिलिकाचा धागा, म्हणजे फायबर, असतो. त्याच्यावर वास धरणाऱ्या पदार्थाचा थर दिलेला असतो. सर्वात जाड साधा थर १०० मायक्रोमीटरचा, त्याचे एकूण आकारमान ०.६ मायक्रोलिटरच्या आसपास. तीन वर्षांनी पावलिझिन यांच्याच गटाने फायबर नमुन्यात न बुडवता वरच्या हवेत, हेडस्पेसमध्ये, धरण्याची रीत मांडली. अन्नपदार्थांसाठी ती फारच सोयीची ठरली, कारण स्टार्च, तेल, प्रथिने फायबरला लागतच नाहीत.

प्रत्यक्षात हे काम असे चालते. वीस मिलिलिटरच्या व्हायलमध्ये ग्रॅमभर तांदूळ घ्यायचा, थोडे पाणी घालायचे, झाकण दाबून बंद करायचे आणि व्हायल तापवायची, बहुधा ८० अंशांवर. आतली हवा वासाने भरली की झाकणाच्या रबरातून सुई घालायची, दट्ट्या दाबून फायबर बाहेर काढायचा आणि ठरलेली मिनिटे तसाच ठेवायचा. मग फायबर आत ओढून घेऊन सुई गॅस क्रोमॅटोग्राफच्या तोंडात खुपसायची. तिथे अडीचशे अंशांच्या आसपास तापमान असते, धरलेला वास सुटतो आणि तीस मीटर लांबीच्या बारीक नळीत, कॉलममध्ये, शिरतो. प्रत्येक रेणू आपापल्या वेळी बाहेर पडतो. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्याचे तुकडे करून तुकड्यांचे वस्तुमान मोजतो. टू-एपीचे स्वतःचे वस्तुमान १११, त्याचे तुकडे ८३, ६८ आणि ४३ वर दिसतात. सर्वात उंच रेघ ४३ ची असली तरी तिच्यावर विसंबता येत नाही, कारण ४३ चा तुकडा शेकडो रेणू देतात. म्हणून ८३ आणि १११ वरच डोळा ठेवावा लागतो.

या पद्धतीत दिवसाची सुरुवात रिकाम्या व्हायलने करावी लागते, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ती सर्वात आधी दाखवतो. व्हायलमध्ये काही नाही, तरी पडद्यावर ‘पीक’, म्हणजे आलेखातली शिखरे, उमटतात: ७३, २०७, २८१ अशा वस्तुमानांचे. हे सिलोक्सेन फायबरच्या थरातून, कॉलममधून आणि झाकणाच्या रबरातून येतात. कधी शेजारच्या टेबलावरचा द्रावक दिसतो, कधी कोणीतरी सकाळी लावलेल्या अत्तराचा लिनालूल. अब्जातला एक भाग शोधणाऱ्या यंत्रापुढे खोलीतली हवासुद्धा नमुनाच ठरते.

ओढले किती, मागे राहिले किती

पद्धतीवरचा पहिला मोठा मतभेद इथे सुरू होतो. द्रावकाने अर्क काढणाऱ्याचा प्रयत्न असतो की नमुन्यातले सगळे बाहेर यावे. एसपीएमई मुळातच तसा प्रयत्न करत नाही. फ्रिजमध्ये उघडे राहिलेले लोणी कांद्याचा वास धरते, पण म्हणून कांद्याचा वास संपत नाही. फायबर, हवा आणि तांदूळ यांच्यात रेणूची वाटणी होते, आणि फायबरच्या वाट्याला फार थोडे येते. अमेरिकेत ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तांदळातल्या टू-एपीसाठी ही पद्धत बसवली. तेव्हाही दाण्यातल्या एकूण टू-एपीचा टक्क्याहून कमी भाग फायबरवर येत होता.

एक पक्ष म्हणतो, यात काही बिघडत नाही. वाटणीचे प्रमाण ठरलेले असते. तापमान, वेळ, पाणी, व्हायलचा आकार काटेकोर सारखा ठेवला तर थोड्याशा वाट्यावरून मूळ प्रमाण काढता येते, आणि नमुना फारसा न हलवता मोजणे हा तर पद्धतीचा गुणच आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की वाटणीचे प्रमाण नमुन्यागणिक बदलते. जुन्या आणि नव्या तांदळातले स्टार्च वास वेगवेगळ्या ताकदीने धरून ठेवते. मग फायबरवर कमी आले ते दाण्यात कमी होते म्हणून, की दाण्याने सोडले नाही म्हणून? हा आक्षेप मला वजनदार वाटतो. त्याचे उत्तर पद्धतीत आहे, पण ते मेहनतीचे आहे, आणि सगळे ती मेहनत घेत नाहीत.

दुसऱ्या टोकाला एक अडचण आहे, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. हेडस्पेस उडणाऱ्या रेणूंना झुकते माप देते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर जे काम झाले, त्यात फळ पिकताना लॅक्टोन आणि फ्युरॅनोन वर्गातले रेणू पुढे येतात असे दिसले. असे जड किंवा पाण्याशी सलगी असलेले रेणू गरात असतात, पण वरच्या हवेत थोडेच चढतात. फक्त हेडस्पेस पाहणाऱ्याला हापूस सहज उडणाऱ्या टर्पीन वर्गातल्या रेणूंनी भरलेला दिसेल. तांदळातही व्हॅनिलिनसारख्या जड रेणूंबाबत हीच सावधगिरी ठेवावी लागते.

कोणता फायबर

साधा सिलिकोनचा थर लोण्यासारखा वागतो, त्यात रेणू विरघळतात. कार्बोक्सेन किंवा डायव्हिनाइलबेंझिनचे कण असलेला थर कोळशाच्या पुरचुंडीसारखा, त्याच्या छिद्रांत रेणू अडकतात. टू-एपी लहान आणि पाण्याशी सलगी असलेला रेणू असल्याने साध्या सिलिकोनला तो फारसा चिकटत नाही. म्हणून तांदळावरच्या कामात बहुतेकांनी तिन्हींचे मिश्रण असलेला फायबर पसंत केला आहे.

पण छिद्रे मोजकीच असतात. जुन्या तांदळात चरबीच्या ऑक्सिडेशनने हेक्झॅनल वाढलेले असते, टू-एपीच्या कितीतरी पट. जागेसाठी चढाओढ लागली की सशक्तपणे चिकटणारा रेणू आधी बसलेल्याला उठवतो. फायबर जास्त वेळ ठेवावा तसे एखाद्या हलक्या रेणूचे पीक वाढण्याऐवजी लहान होत जाते, ते यामुळे. वेळ कमी ठेवली तर चढाओढ टळते, पण संवेदनशीलता जाते. यावर सर्वमान्य तोडगा नाही. ज्याने त्याने आपापल्या तांदळासाठी वेळ ठरवली आहे, आणि तिथूनच आकडे एकमेकांपासून दूर जायला लागतात.

थराचे आकारमान वाढवणे हा एक मार्ग आहे. १९९९ साली बाल्टुसेन, सांद्रा आणि सहकाऱ्यांनी सिलिकोनचा जाड थर दिलेली चुंबकीय कांडी आणली. नंतर पातळ पडद्याच्या पद्धती आल्या, अलीकडे पोलादी दांड्यावर जाड थर असलेला ‘ॲरो’ आला. तो मोडतही नाही, हा मोठा दिलासा, कारण सिलिकाचा फायबर झाकणाला जरा तिरका लागला की संपला. पण जाड थर भरायला वेळ घेतो. शिवाय चुंबकीय कांडीवर सिलिकोनच असल्याने टू-एपीसाठी तिचा उपयोग मर्यादित.

तुलना कशाशी करायची

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. यंत्र देते ते पिकाचे क्षेत्रफळ. त्याचे मायक्रोग्रॅम करायला मानक लागते, आणि टू-एपीचे मानक सांभाळणे कठीण. शुद्ध टू-एपी टिकत नाही, ते तांबूस होत जाते आणि बिघडते. म्हणून ते द्रावकात विरल करून थंडीत ठेवावे लागते. शिवाय ते अल्कधर्मी आहे. द्रावण आम्ल झाले की रेणू भारित होतो आणि हवेत चढतच नाही. चुकीच्या पाण्यात मानक मिसळले तर सगळी मोजणी खाली घसरते.

लेखांमध्ये तीन वाटा दिसतात. पहिली वाट टक्केवारीची: सगळ्या पिकांची बेरीज शंभर धरायची आणि टू-एपीचा वाटा सांगायचा. काम झटपट होते, पण हेक्झॅनल वाढले की टू-एपी आपोआप ‘घटते’, दाण्यात तेवढेच असले तरी. पैदासकाराला हजार ओळींतून पन्नास निवडायच्या असतात, तेव्हा ही वाट चालते, आणि त्याला नावे ठेवायचे कारण नाही. जातींचे गुणधर्म सांगणाऱ्या तक्त्यात मात्र ती बसत नाही.

दुसरी वाट दुसरा रेणू इंटर्नल स्टँडर्ड म्हणून घालण्याची. बटरींच्या काळापासून २,४,६-ट्रायमिथाइलपिरिडीन वापरात आहे. तेही नायट्रोजनयुक्त, तेही अल्कधर्मी. पण फायबरवर आणि स्टार्चमध्ये ते टू-एपीसारखेच वागेल याची हमी नाही, आणि वरून घातलेला थेंब दाण्याच्या आत शिरतोच असे नाही.

तिसरी वाट ड्यूटेरियम बसवलेल्या टू-एपीची. रासायनिक वागणूक जवळपास तीच, फक्त वस्तुमान वेगळे, म्हणून यंत्राला दोन्ही वेगळे दिसतात. पावाच्या कवचावर काम करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ शिबर्ले यांच्या गटाने हा मार्ग रुळवला. २००२ साली जपानी संशोधक योशिहाशी यांनी थायलंडच्या खाओ डॉक माली १०५ या तांदळावर तो वापरला, आणि शिजवताना टू-एपी नव्याने तयार होत नाही असा निष्कर्ष काढला. रेणू रोपातच बनतो. ही वाट सर्वात भरवशाची आहे. पण असे मानक सहज विकत मिळत नाही, बनवायला कुशल हात लागतात, आणि म्हणून बहुतेक प्रयोगशाळा पहिल्या दोन वाटांवरच थांबतात.

दाण्याचे स्वभाव

दळायचे की अख्खा दाणा घ्यायचा, यावरही मतभेद आहे. मिक्सरमध्ये दळताना पीठ गरम होते आणि वास तिथेच उडतो, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून दळले तर वाचतो. अख्ख्या दाण्यातून वास हळू निघतो, पण दळण्याची भानगड नाही. पाण्याचे काही थेंब घातले की स्टार्च फुगते आणि टू-एपी मोकळे होते, फार घातले तर तेच पाणी त्याला धरून ठेवते.

आपल्या घरात नवा तांदूळ वासाला आणि जुना पुलावाला, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोजणीही तेच सांगते: साठवणीत टू-एपी कमी होते, हेक्झॅनल वाढते. म्हणून कापणीनंतर किती महिन्यांनी मोजले, कोणत्या तापमानाला ठेवले होते आणि दाणा किती पॉलिश केलेला होता, हे न सांगता दिलेला आकडा अर्धवट आहे.

एकच रेणू की अनेक

२००५ साली ऑस्ट्रेलियात ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आठव्या गुणसूत्रावरच्या बीएडीएच२ या जनुकातली आठ अक्षरे गळाली की ते निकामी होते, आणि मग टू-एपी साचते. त्यानंतर जनुकाच्या तपासणीवर काम भागेल, रेणू मोजायची गरजच काय, असा विचार पुढे आला. पैदाशीत तो खरा ठरला. पण जनुक फक्त क्षमता सांगते. माती, कापणी आणि साठवण यांतून दाण्यात शेवटी किती उरले हे रेणू मोजल्यावरच कळते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या अभ्यासकांनी बासमती, बिगर-बासमती सुगंधी आणि साध्या तांदळांचा हेडस्पेस आणि हे जनुक एकत्र तपासले. आपल्या आखूड दाण्याच्या जातींसाठी असे काम फार मोलाचे आहे.

दुसऱ्या बाजूला वासाचे अभ्यासक म्हणतात की टू-एपी म्हणजे तांदळाचा वास नव्हे. कॉलममधून निघणाऱ्या वायूची एक फांदी यंत्राकडे आणि एक नाकाकडे वळवली की माणूस प्रत्येक रेणू हुंगून नोंद करतो. तेव्हा अनेक ठळक पिकांना काहीच वास नसतो, आणि जिथे रेषा सपाट तिथे नाकाला स्पष्ट काहीतरी लागते. प्रमाण भागिले वास कळण्याची किमान मात्रा, हा नेहमीचा हिशेब. पण ती मात्रा पाण्यात मोजलेली असते, भातात नव्हे. दोन रेणू एकत्र आल्यावर वास बदलतो, तेही या भागाकारात येत नाही.

काय सुटलेले नाही

पहिली उणीव सामाईक संदर्भ-नमुन्याची. एकाच पोत्यातला तांदूळ अनेक प्रयोगशाळांनी ठरलेल्या रीतीने मोजला आणि टू-एपीचे मान सर्वांनी मान्य केले, तर फायबर, वेळ आणि पाणी यांवरचे बरेच वाद आपोआप मिटतील.

दुसरी गोष्ट ओळखीची. संगणकातल्या संग्रहातल्या वर्णपटाशी ९० टक्के जुळले म्हणून नाव लिहून मोकळे होणे अजून सर्रास चालते. टू-एपी साध्या अध्रुवीय कॉलमवर ९२० च्या आसपासच्या निर्देशांकाला (बाहेर पडण्याच्या वेळेवरून काढलेल्या) येते, ध्रुवीय कॉलमवर १३३० च्या. दोन्हींवर जुळले आणि खऱ्या मानकाशी जुळले तरच ओळख पक्की. रेणूंना प्रोटॉन देऊन हवा थेट मोजणारी यंत्रे काही सेकंदांत उत्तर देतात, पण सारख्या वस्तुमानाचे रेणू त्यांना वेगळे करता येत नाहीत. बाजारातल्या पोत्याची झटपट चाळणी त्यांनी करावी आणि शंकास्पद नमुना फायबरकडे यावा, अशी विभागणी मला योग्य वाटते.

आंबेमोहराच्या मानांकनाचा प्रश्न यातूनही पूर्ण सुटत नाही. टू-एपी बासमतीत आहे, घनसाळमध्ये आहे, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेल्या इंद्रायणीतही आहे. त्याच्या आकड्याने सुगंधी तांदूळ साध्यापासून वेगळा काढता येईल, आंबेमोहर दुसऱ्या सुगंधी तांदळापासून नाही. त्यासाठी दाण्याची डीएनए तपासणी लागेल, किंवा इतर पंधरा-वीस रेणूंची ठेवण. ती ठेवण दरवर्षी तशीच राहते का, हे अनेक हंगामांचे नमुने मोजूनच ठरेल.

आणि वासाचा शब्द अजून शोधायचाच आहे. हुंगणाऱ्यांच्या प्रचलित शब्दसूचीत टू-एपीपुढे ‘पॉपकॉर्न’ लिहिलेले असते. मुळशीत या तांदळाला नाव देणाऱ्यांना त्यात आंब्याचा मोहर लागला. तो मोहर टू-एपीच्याच मिनिटाला नाकात येतो, की आधी-नंतरच्या एखाद्या सपाट रेषेवर, हे पाहायला त्या भातावर वाढलेली माणसे हुंगण्याच्या नळीपाशी बसवावी लागतील, हातात कोरी वही देऊन.